संस्कृत येतं, आता हित्ती शिकायचीय: सुरुवात कुठून करायची?

तुमचे प्रश्न तीन आहेत. तुर्कस्तानातल्या बोगाझकोईला सापडलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावं आहेत, मग हित्ती (म्हणजे इंग्रजी पुस्तकांतली हिटाइट) भाषा वैदिकच्या जवळची मानायची का? क्यूनिफॉर्म, म्हणजे ओल्या मातीत काडीने टोचून लिहायची कीलाक्षर लिपी, शिकावीच लागते की रोमन लिप्यंतरावर भागतं? आणि संस्कृतात एम.ए. झाल्यावर महाराष्ट्रात राहून हे शिकायला सुरुवात करता येईल का, पुढे लुवियन, लिशियन वगैरे तिच्या भगिनी भाषांकडे जायचं तर कसं?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, शिकावीच लागते. तिसऱ्याचं, सुरुवातीचा मोठा टप्पा घरी बसून होतो, पुढचा होत नाही.

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण संस्कृतकडून येणारे बहुतेक विद्यार्थी याच दाराने आत येतात आणि तिथेच अडकून बसतात. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'बोगाझकोईचा शिलालेख' असं छापलेलं असतं. तो शिलालेख नाही. मातीच्या पाट्यांवर लिहिलेला तह आहे, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला. हित्ती राजा पहिला सुप्पिलुलिउमा आणि उत्तर सीरियाकडच्या मितान्नी राज्याचा राजपुत्र शत्तिवाझा यांच्यातला. भाषा अक्कादी, म्हणजे बाबिलोन-असिरियाची, कारण त्या काळी राजेरजवाड्यांचा पत्रव्यवहार अक्कादीत चाले. तहाला साक्षी म्हणून दोन्हीकडच्या देवांना बोलावलंय. यादी लांबलचक आहे आणि आपले ओळखीचे देव मितान्नीच्या यादीत, तेही बरेच खाली येतात. पाटीवर ते दिसतात 'मित्रस्सिल', 'उरुवनस्सिल', 'इंदर', 'नासत्तियन्न' असे. शेवटचे '-स्सिल' आणि '-न्न' हे प्रत्यय हुरियन, म्हणजे मितान्नीच्या प्रजेच्या, भाषेचे. म्हणजे देव भारतीय-आर्य, प्रत्यय हुरियन, तह अक्कादी, आणि पाटी निघाली हित्ती राजधानीच्या दप्तरात. त्या चार नावांमध्ये हित्ती भाषेचं काहीही नाही.

किक्कुलीच्या अश्वशिक्षणाच्या पाट्यांचंही तसंच. किक्कुली मितान्नीचा माणूस. रथाचे घोडे कसे तयार करायचे, कधी पळवायचे, कधी धुवायचे, किती दाणा द्यायचा, याचा दिवसवार तपशील त्याच्या नावावर हित्ती भाषेत लिहिलेला आहे. घोड्याला किती फेऱ्या द्यायच्या याचे शब्द मात्र परके: 'ऐकवर्तन्न', 'तेरवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न', 'नवर्तन्न'. एक, तीन, पाच, सात, नऊ. 'सत्त' पाहिलं की मराठी माणसाला लगेच प्राकृत आठवतं, पण हुरियन तोंडातून आणि क्यूनिफॉर्मच्या अक्षरांतून गाळून आलेल्या शब्दावरून 'प्त'चा 'त्त' तेव्हाच झाला होता असं ठासून म्हणता येत नाही. 'ऐक' अधिक बोलकं आहे. वैदिकात जिथे 'ए' झाला तिथे इथे अजून 'अइ' ऐकू येतो. भारतीय-आर्य भाषेच्या इतिहासाला हा पुरावा सोन्यासारखा आहे, हित्तीच्या अभ्यासात तो तळटीप आहे. खुद्द हित्तीत चाराला 'मेउ-' असा, 'चत्वार'शी काडीचं नातं नसलेला शब्द आहे.

तर हित्ती ही संस्कृतची आई नाही, मुलगी नाही, मावशीही नाही. इंडो-युरोपीय कुटुंबातून सगळ्यांत आधी वेगळी निघालेली शाखा म्हणजे अनातोलियन (अनातोलिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा आशियातला भाग), आणि हित्ती तिची सगळ्यांत जास्त मजकूर मागे ठेवणारी भाषा. एडगर स्टर्टेव्हंट यांनी तर तिला मूळ इंडो-युरोपीय भाषेची मुलगी न म्हणता बहीण म्हणा, असा आग्रह १९२०च्या दशकात धरला होता. त्यांची 'इंडो-हित्ती' ही संज्ञा फारशी टिकली नाही, पण अनातोलियन आधी फुटली हे आज बहुतेकांना मान्य आहे.

आता नातं सिद्ध कसं झालं ते बघू, कारण तुमच्या संस्कृतचा पहिला उपयोग तिथेच आहे. १९०२ साली नॉर्वेचे क्नुट्सोन यांनी इजिप्तमधल्या अमार्नाच्या दप्तरातली दोन पत्रं प्रसिद्ध केली, पश्चिम अनातोलियातल्या अर्झावाच्या राजाशी झालेल्या पत्रव्यवहारातली. भाषा अनोळखी, लिपी ओळखीची. पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारण्याचा ठराविक साचा असतो, आणि त्यात 'तुझं सगळं क्षेम असो' या जागी 'एस्तु' हा शब्द होता. तुम्हाला 'अस्तु' लगेच दिसेल. क्नुट्सोनना दिसला, त्यांनी ही इंडो-युरोपीय भाषा असल्याचं म्हटलं, आणि सहकाऱ्यांनी ते उडवून लावलं. दोन पत्रांवर कोण विश्वास ठेवणार?

मग १९०६ साली ह्यूगो विंकलर आणि थिओडोर मक्रिदी यांनी बोगाझकोईला खणायला घेतलं. अंकारापासून पूर्वेला साधारण दीडशे किलोमीटरवरचं हे गाव. तिथे 'हत्ती' देशाची राजधानी हत्तुसा सापडली (नाव वाचून मराठी वर्गात हशा पिकतो, पिकू द्यावा). आजवर पाट्या आणि तुकडे मिळून तीस हजारांच्या आसपास मजकूर तिथून निघालाय. अक्कादीतल्या पाट्या लगेच वाचता आल्या, पण बहुसंख्य पाट्या अर्झावाच्या पत्रांच्याच भाषेत होत्या. तो गुंता सोडवला चेक विद्वान बेद्रिख ह्रोझ्नी यांनी. १९१५च्या अखेरीस बर्लिनला त्यांनी आपलं वाचन मांडलं, सविस्तर पुस्तक १९१७ला आलं. ज्या वाक्यावर त्यांची गाडी सुटली ते तुम्ही अक्षर अक्षर लावून बघा:

नु [निंदा]-अन ए-एत्स-त्सा-अत-ते-नि, वा-आ-तर-मा ए-कु-उत-ते-नि.

चौकटी कंसातलं 'निंदा' हे सुमेरी, म्हणजे मेसोपोटेमियातल्या अक्कादीहूनही जुन्या भाषेतलं, चिन्ह आहे, अर्थ भाकरी. ते चिन्ह अक्कादी वाचणाऱ्याला आधीच माहीत होतं. त्यामागचं '-अन' म्हणजे द्वितीयेचा प्रत्यय, आपल्या 'देवम्'मधला म् इथे न् झालाय. भाकरीचं काय करतात? खातात. 'एत्सात्तेनि'च्या मुळाशी 'एद्' आहे, संस्कृत 'अद्'. त्या शब्दातला 'त्स' चाक, चूक, चोर यांतल्या आपल्या मराठी च-सारखा म्हणा म्हणजे बरोबर जमेल. भाकरीच्या जोडीला 'वातर', त्याचा अर्थ सांगायला नकोच, आणि '-मा' म्हणजे 'मात्र', 'तर'. 'तुम्ही भाकरी खाल, आणि पाणी प्याल.' सुरुवातीचं 'नु' वेदातल्या 'नु'चं भावंड. हित्तीत ते जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या आरंभी येतं, आपण बोलताना 'तर', 'मग' लावतो तसं.

या 'वातर'ची षष्ठी 'वेतेनस' होते. प्रथमेत र्, पुढे न्. अशी रूपं संस्कृतात तुम्ही पाठ केलीत आणि अपवाद म्हणून सोडून दिलीत: यकृत्, पण यक्नः, वेदातलं ऊधर्, पण ऊध्नः. हित्तीत हा अपवाद राहत नाही, अशा नामांची रांगच्या रांग आहे. क्रियापदांतही तेच. 'तो आहे' म्हणजे 'एस्त्सि', 'ते आहेत' म्हणजे 'असन्त्सि': अस्ति, सन्ति. 'तो मारतो' म्हणजे 'कुएन्त्सि', 'ते मारतात' म्हणजे 'कुनन्त्सि': हन्ति, घ्नन्ति. एकवचनात धातू भरीव, अनेकवचनात आक्रसलेला. हन्चा घ्न् का होतो यासाठी पाणिनीचं सूत्र तुम्हाला माहीत असेल. ज्या जुन्या स्वरबदलाचा तो अवशेष आहे, तो इथे स्वतंत्रपणे समोर येतो. गुडघा 'गेनु' (जानु), लाकूड 'तारु' (दारु), आकाश 'नेपिस' (नभस्), जू 'युगन' (युगम्). पहिले काही आठवडे असे मजेत जातात.

खरा धक्का 'ह'ने बसतो. हाड म्हणजे हित्तीत 'हस्ताइ'. संस्कृत अस्थि. पांढरा म्हणजे 'हर्कि', संस्कृतात अर्जुन. 'समोर' म्हणजे 'हंति', संस्कृत अन्ति. भगिनी भाषा लुवियनमध्ये मेंढी 'हावि', संस्कृत अवि. आपल्याकडे जिथे शब्द स्वराने सुरू होतो, तिथे त्यांच्याकडे घशातून येणारा एक खरखरीत 'ह' आहे. १८७९ साली फेर्दिनां द सोस्यूर या तरुणाने केवळ स्वरांच्या गणितावरून म्हटलं होतं की मूळ भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे पुढे सगळीकडे नाहीसे झाले. तेव्हा हित्तीचा एक शब्दही कुणाला वाचता येत नव्हता. १९२७ला कुरिवोविच यांनी दाखवलं की सोस्यूरने कागदावर कल्पिलेले ध्वनी हित्तीत ज्या जागी हवेत त्याच जागी 'ह' म्हणून लिहिलेले आहेत. भाषाशास्त्रात भाकीत करून पुरावा नंतर मिळाल्याची याहून सुंदर गोष्ट मला ठाऊक नाही. आणि हा पुरावा संस्कृतातून कधीच मिळाला नसता, कारण संस्कृतात तो ध्वनी केव्हाच गळाला आहे. पाणिनीच्या सेट् धातूंमधला तो 'इ' तेवढा त्याची खूण म्हणून उरलाय.

म्हणूनच मी संस्कृतकडून येणाऱ्यांना सांगतो की हित्ती शिका ती संस्कृतात जे नाही त्यासाठी. तिच्यात स्त्रीलिंग नाही. सजीव-सामान्य आणि नपुंसक, अशी दोनच लिंगं. स्त्रीलिंग आधी होतं आणि गळालं, की अनातोलियन वेगळी निघाली तेव्हा ते तयारच झालं नव्हतं, हा वाद अजून रंगतो; माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. लुङ् नाही, लिट् नाही, विधिलिङ् नाही. वर्तमान आणि भूत, संपलं. उलट क्रियापदांचे दोन गट आहेत, एकाचा उत्तमपुरुषी प्रत्यय '-मि', दुसऱ्याचा '-हि'. '-मि' तुमच्या ओळखीचा, अस्मि-मधला. '-हि' कुठून आला यावर कपाटं भरून लिहिलंय आणि एकमत नाही. वेदाची सगळी क्रियापदव्यवस्था जशीच्या तशी मूळ भाषेत होती, असं एकोणिसाव्या शतकात धरून चालत. हित्तीने त्या समजुतीला सुरुंग लावला.

आणि साम्यावर विसंबलात तर फसगत ठरलेली. 'दाह्हि' दिसलं की तुम्ही 'दा' धातू ओळखाल आणि अर्थ कराल 'मी देतो'. धातू ओळखलात ते बरोबर. अर्थ आहे 'मी घेतो'. संस्कृतात 'आ' लावल्यावर, 'आदत्ते'मध्ये, जो अर्थ येतो तो इथे उपसर्गाशिवायच आहे. देणे याला हित्तीत 'पाइ-' असं वेगळंच क्रियापद. राजाने कुणाला काय दिलं आणि कुणाकडून काय घेतलं यावर ज्या मजकुराचा अर्थ ठरतो, तिथे व्युत्पत्तीवरून वाचणारा माणूस सगळा व्यवहार उलटा करून ठेवतो.

आता लिपी. लिप्यंतरावर भागेल का, असं विचारता. पहिले दोन-तीन महिने भागतं. पुढे भागत नाही, आणि का ते एका कलमावर दाखवतो. हित्ती कायद्यांतलं सातवं कलम:

तक्कु [लू-उलू]-अन [एल्लम]-अन कुइस्कि दसुवह्हि, नस्म [झू]-[सू] लाकि, करू १ [मना] [कु-बब्बर] पिस्केर, किनुन-अ २० [गिन] [कु-बब्बर] पाइ.

अर्थ: कुणी एखाद्या मोकळ्या, म्हणजे गुलाम नसलेल्या माणसाला आंधळं केलं किंवा त्याचा दात पाडला, तर पूर्वी एक मना चांदी देत असत, आता वीस शेकेल देतो. हित्ती मना म्हणजे चाळीस शेकेल, म्हणजे दंड निम्म्यावर आला. (ऋग्वेदातल्या 'मना हिरण्यया'शी काहीजण हा मना जोडतात. वाद आहे, तुम्ही तूर्त तिकडे वळू नका.) कंसात टाकलेले शब्द हित्ती नाहीत. लू-उलू, झू, मना, गिन, कु-बब्बर ही सुमेरी चिन्हं. एल्लम हा अक्कादी शब्द, त्याला पुन्हा हित्ती '-अन' जोडलाय. दाताचं चिन्ह सुमेरी, त्याला लागलेलं 'त्याचा' हे सर्वनाम अक्कादी. लेखनिक हे लिहीत असे तीन भाषांत आणि वाचून दाखवत असे बहुधा फक्त हित्तीत, जसं आपण '५' लिहून 'पाच' म्हणतो. छापील लिप्यंतरात सुमेरी शब्द मोठ्या अक्षरांत, अक्कादी तिरक्या मोठ्या अक्षरांत आणि हित्ती लहान अक्षरांत असतात. ही विभागणी संपादकाने केलेली असते. पाटीवर सगळ्या खुणा सारख्याच.

यामुळे एक गंमत होते. हजारो वेळा लिहिलेले काही शब्द हित्तीत कसे उच्चारत हे आपल्याला माहीतच नाही. घोडा हा त्यांतला सगळ्यांत चुटपुट लावणारा. किक्कुलीच्या पाट्यांवर ओळीओळीला घोडे आहेत, पण दर वेळी सुमेरी चिन्हांत, 'डोंगरातलं गाढव' अशा अर्थाच्या. त्यामागे फार तर हित्ती विभक्तीचं शेपूट. पूर्ण शब्द एकदाही अक्षरांत लिहिलेला नाही. लुवियनमध्ये तो 'अझु-', लिशियनमध्ये 'एस्बे', म्हणजे अश्वच. हित्तीत काय असावा याचा अंदाज त्यावरून बांधायचा. मुलीच्या शब्दाचंही तेच. लुवियन 'तुवत्रि', लिशियन 'क्बत्रा', दोन्ही दुहितृच्या घरातले. हित्ती शब्द चिन्हाआड दडलेला.

त्याच कलमात 'पिस्केर' बघा, 'देत असत'. त्यातला '-स्क-' पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रियेचा. गच्छति, पृच्छति यांतल्या 'च्छ'चा हा सख्खा भाऊ, फक्त संस्कृतात त्याचा अर्थ झिजून गेलाय आणि हित्तीत तो चालू यंत्रासारखा कुठल्याही धातूला लागतो. 'कुइस्कि' म्हणजे 'कुणीही', त्यातलं 'कुइस' हे 'कः'चं भावंड.

लिपीबद्दल अजून एक. क्यूनिफॉर्ममध्ये त-द, प-ब वेगळे दाखवण्याची सोय असूनही हित्ती लेखनिकांनी ती वापरली नाही. 'त'ची खूण नि 'द'ची खूण ते अदलून-बदलून लिहितात. त्याऐवजी त्यांनी दुसरी पद्धत पाळली: स्वरांच्या मध्ये व्यंजन एकदा लिहिलं तर ते मृदू, दोनदा लिहिलं तर कठोर. आकाश 'ने-पि-इस', एकच प, कारण मूळ ध्वनी 'नभस्'मधला भ. झोपणे 'सु-उप-प-रि-या', दोन प, कारण 'स्वप्'मधला प. हा नियम स्टर्टेव्हंट यांच्या नावाने ओळखतात. सलग लिप्यंतर केलेल्या मजकुरात संपादकांच्या सवयी वेगवेगळ्या असतात आणि हा बारकावा कधीकधी निसटतो. खुणा डोळ्यांनी बघितल्या की निसटत नाही. शिवाय पाटी जुनी की नवी हे अक्षरांच्या वळणावरून ठरतं. चारशे-साडेचारशे वर्षांच्या काळात काही खुणांची वळणं बदलली, आणि जुना मजकूर नव्या वळणात उतरवून काढण्याची प्रथा होती. भाषा जुनी, प्रत नवी. हे ओळखता आलं नाही तर व्याकरणाचा कुठलाही ऐतिहासिक निष्कर्ष वाळूवर उभा राहतो.

घाबरू मात्र नका. हित्ती चिन्हांच्या प्रमाण यादीत ३७५ क्रमांक आहेत, त्यांतली शंभर-दीडशे रोजच्या कामाला येतात. अक्कादीवाल्यांच्या मानाने हे सुख आहे. दुसरं सुख म्हणजे हित्ती लेखनिक शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडतात आणि परिच्छेदाखाली आडवी रेघ मारतात. तीन हजार वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यावर केलेले उपकारच. खुणा हाताने काढा. कागदावर काढा, जमलं तर शाडूच्या मातीत चौकोनी काडीने टोचून बघा. कुठली रेघ आधी आणि कुठली वरून आली हे बोटांना कळलं की फुटक्या कडेवरची अर्धी खूणही ओळखू येते.

वाचायला पहिल्यांदा काय घ्यावं यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मी कायदे देतो. सुमारे दोनशे कलमं, प्रत्येकाची सुरुवात 'तक्कु', म्हणजे 'जर'. वाक्यं आखूड, शब्द तेच ते. त्यानंतर अनित्ताचा मजकूर, हित्ती भाषेतला सगळ्यांत जुन्या घटना सांगणारा. कुस्सराचा राजा पिठाना याने रात्री हल्ला करून नेसा शहर घेतलं, पण तिथल्या कुणाला इजा केली नाही, त्यांना 'आया नि बाप केलं', असं त्यात आहे. त्याचा मुलगा अनित्ता याने पुढे हत्तुसा जिंकून जमीनदोस्त केलं, तिथे तण पेरलं आणि जो राजा ते पुन्हा वसवेल त्याला शाप दिला. नंतरच्या राजांनी नेमकी तिथेच राजधानी केली आणि हा शाप आपल्या दप्तरात जपून ठेवला! नेसा म्हणजे कायसेरीजवळचं आजचं क्युलतेपे. हित्ती लोक आपल्या भाषेला त्या शहरावरून 'नेसिली' म्हणत. त्याच क्युलतेपेत असिरियन व्यापाऱ्यांच्या हजारो पाट्या मिळाल्यात. त्यांत अनातोलियन माणसांची नावं आणि काही उसने शब्द आहेत, आणि इंडो-युरोपीय भाषेचा आज उपलब्ध असलेला सगळ्यांत जुना लेखी पुरावा तोच.

वाक्यरचनेत एक जागा मराठी माणसाला सोपी जाते. हित्तीत वाक्याच्या पहिल्या शब्दाला छोट्या छोट्या अव्ययांची माळ लागते, ठरलेल्या क्रमाने. 'नु-वर-अन-कन कुएन्ता': नु म्हणजे आणि, वर हे दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं असल्याची खूण, अन म्हणजे त्याला, कन हे क्रियेची दिशा वा पूर्णता दाखवणारं, कुएन्ता म्हणजे मारलं. 'आणि त्याला म्हणे ठार केलं.' युरोपीय विद्यार्थ्यांना हे 'वर' समजावताना शिक्षकांची दमछाक होते. आपलं 'म्हणे' किंवा संस्कृतचं 'इति' तंतोतंत तेच नाही, पण जवळ पोचवतं. 'कन'ने मात्र सगळ्यांनाच सतावलंय, त्याची सूत्रं पाठ न करता उदाहरणं साठवत जा.

इतर भाषांचं थोडक्यात सांगतो. हत्तुसाच्या दप्तरातच पलाइक आणि लुवियन आहेत, दोन्ही अनातोलियन. हत्तिक आणि हुरियन आहेत, ज्यांचा या कुटुंबाशी संबंध नाही. लुवियन क्यूनिफॉर्ममध्येही लिहीत आणि चित्रलिपीतही. ही चित्रलिपी खडकांवर, शिक्क्यांवर, कार्केमिशसारख्या शहरांच्या दगडांवर आहे, आणि हित्ती साम्राज्य कोसळल्यावर चार-पाचशे वर्षं ती टिकली. ओळी एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून जातात. १९४६ला करातेपे इथे फिनिशियन आणि लुवियन असा जोडलेख मिळाला आणि वाचनाला आधार आला. तरी दोन-चार अतिशय वारंवार येणाऱ्या खुणा चुकीच्या वाचल्या जात होत्या. हॉकिन्स, मोर्पुर्गो डेव्हिस आणि नॉयमान यांनी १९७०च्या दशकात त्या सुधारल्या, स्वर समजलेल्या खुणा 'झि' आणि 'झा' ठरल्या, आणि एका फटक्यात लुवियनचा चेहरा बदलून ती लिशियनची सख्खी दिसू लागली. त्याआधीचं लुवियनवरचं काहीही वाचताना प्रकाशनाचं साल आधी बघा.

लिशियन, लिडियन, कॅरियन या नंतरच्या, ग्रीक वळणाच्या अक्षरांत लिहिलेल्या. लिशियन सुरुवातीला बरी, कारण बहुतेक लेख समाध्यांवरचे आणि साचेबंद: ही समाधी अमक्याने बांधली, बायकोसाठी आणि मुलांसाठी. १९७३ला लेतूनमध्ये लिशियन, ग्रीक, अरमाइक असा तिहेरी लेख मिळाल्यावर तिचं व्याकरण पक्कं होत गेलं. कॅरियन सगळ्यांत दगाबाज, अक्षरं ग्रीकसारखी दिसतात आणि उच्चार भलतेच. इजिप्तमध्ये चाकरी करणाऱ्या कॅरियन शिपायांच्या दुभाषी समाधीलेखांवरून जॉन रे यांनी १९८०च्या दशकात ती कोडी सोडवली, आणि १९९६ला कौनोसला सापडलेल्या कॅरियन-ग्रीक लेखाने त्यांच्या वाचनावर शिक्का मारला. आणि हे प्रकरण संपलेलं नाही: २०२३ला हत्तुसातच एका पाटीवर 'आता कलस्मा देशाच्या भाषेत म्हणतो' अशी प्रस्तावना देऊन पुढे कोणालाच ठाऊक नसलेल्या भाषेतला मजकूर निघाला. तीही अनातोलियनच, लुवियनच्या अंगाने जाणारी दिसते.

आता व्यवहाराचं. व्याकरण हॉफ्नर आणि मेल्चर्ट यांचं, २००८ सालचं, त्याला जोडून धडे आणि स्वाध्यायांचा वेगळा खंड आहे. एकट्याने शिकायला याहून चांगलं काही नाही. कोशांची कथा गमतीशीर आहे. शिकागोचा हित्ती कोश १९७०च्या दशकात सुरू झाला तो थेट 'ल'पासून, कारण 'अ'पासूनचा मोठा कोश जर्मनीत चालू होता. त्यामुळे शब्द कुठल्या अक्षराने सुरू होतो त्यावर तुम्ही कुठल्या देशाचं पुस्तक उघडायचं ते ठरतं. डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाशब्दकोश १९४८पासून चालूनही 'अ'मध्येच आहे हे माहीत असलेल्या पुणेकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही. शिकागोचे खंड त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. पाट्यांचे फोटो, तुकड्यांची जुळणी, कुठल्या मजकुराच्या किती प्रती, हे सगळं जर्मनीतल्या माइंझच्या हित्तीविद्या पोर्टलवर आहे. रोज उघडायची जागा ती.

आणि जर्मन शिका. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, पण या विषयातलं निम्म्याहून अधिक वाङ्मय जर्मनमध्ये आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. हित्ती सुरू करण्याआधी नाही तर तिच्या बरोबरीने जर्मन सुरू करा. अक्कादीचं प्राथमिक व्याकरणही लागेल, ते दुसऱ्या वर्षात घ्या. एवढं घरी होतं. पुढे फुटक्या पाट्या वाचण्याचा सराव आणि त्यावर कान पिळणारा गुरू, या दोन गोष्टींसाठी बाहेर जावंच लागतं: मारबुर्ग, वुर्झबुर्ग, लायडन, शिकागो, किंवा अंकारा. अंकारा विद्यापीठात हा विषय १९३०च्या दशकापासून शिकवतात, नाझी राजवटीतून बाहेर पडलेल्या ग्युटरबोक यांनी तिथली पहिली पिढी घडवली आणि नंतर तेच शिकागोच्या कोशाचे एक संस्थापक झाले. तिथे जायचं तर तुर्की हवी.

नोकऱ्यांचं स्वच्छ सांगतो. निव्वळ हित्तीच्या जागा जगभरात बोटावर मोजण्याइतक्या, आणि एक रिकामी झाली की दहा वर्षं तयारी केलेले लोक रांगेत असतात. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या विभागात मात्र हित्ती आणि वैदिक दोन्ही शिकवू शकणारा माणूस हवा असतो, आणि युरोपीय उमेदवारांचं वैदिक बहुधा पुस्तकी असतं. म्हणून पाणिनी सोडू नका, ऋग्वेद सस्वर वाचत राहा. ज्या विषयावर संशोधनाचा प्रस्ताव लिहाल तो '-स्क-' प्रत्ययासारखा, दोन्हीकडे पाय असलेला निवडा.